ढगाच्या माहेरी चार दिवस

पंढरीहून परतल्यावर आण्णांनी पायही धुतले नव्हते, तोवर विचारलं, "वारीभर काळंभोर आभाळ डोक्यावर हुतं. भरल्याला ढग न पडता जातोच कसा, सांग बघू." आण्णांचा हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकतोय. आमच्या जत तालुक्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आषाढात ढगांची रीघ लागते, पश्चिमेकडून येतात, डोक्यावरून जातात. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, पण आण्णांना पटेल असं उत्तर मला आजवर देता आलं नव्हतं. पणजीहून आक्का बरेच दिवस बोलावत होती. म्हटलं, हे ढग जिथून निघतात तिथेच जाऊन त्यांना जवळून बघू.

पहिला दिवस, त्रयोदशी: जत ते पणजी

पहाटे निघालो. अथणीपर्यंत रस्ता कोरडा होता, बेळगावात एक सर आली, जांबोटीपासून वायपर थांबला नाही. कणकुंबी मागे पडलं आणि चोर्ला घाटाच्या तोंडाशी आम्ही ढगात शिरलो. लोक याला धुकं म्हणतात. मी आण्णांना म्हटलं, हे धुकं नाही. अरबी समुद्रावरून आलेला खालचा ढग डोंगराला टेकलाय, आणि आपण त्याच्या पोटात उभे आहोत.

रस्ता रुंद होता तिथे एक टपरी होती. गाडी बाजूला घेतली, चहा सांगितला आणि पिशवीतून सामान काढलं: काचपट्टीचे काडीएवढे अरुंद तुकडे, एरंडेल, मोबाईलला अडकवायचं भिंग, आणि आक्कासाठी नेत असलेली काळी छत्री.

आधी छत्री. आण्णांना ती उघडून रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि मी पावलं मोजत लांब जाऊ लागलो. काळी वस्तू नेमकी कुठे दिसेनाशी होते, ते दृश्यतेचं माप. दर पाच पावलांनी वळून बघायचं. शंभराव्या पावलाला छत्री नुसती राखाडी डाग झाली होती, एकशे पंधराव्याला तोही गेला. माझं पाऊल पाऊण मीटरचं, म्हणजे अंतर ८६ मीटर भरलं. तेवढ्या पांढऱ्यातून आण्णांचा आवाज आला, "गेलास का रं पणजीला?"

मग काचपट्टी. तिच्यावर एरंडेलाचा पातळ थर लावला, त्यात माझा एक केस ठेवला आणि पट्टी वाऱ्यात धरून दोन-तीनदा जोरात फिरवली. पाण्याचा थेंब तेलात पसरत नाही, गोल राहतो आणि लगेच वाळतही नाही. पट्टी अरुंद हवी, कारण रुंद काचेच्या कडेनं हवा वळते आणि बारीक थेंब तिच्याबरोबर वळून निसटतात. मग काचेवर फक्त मोठे थेंब सापडतात आणि हिशेब चुकतो. भिंगाखाली पट्टी धरली तर तपकिरी खांबासारखा केस आणि भोवती काचेच्या गोट्यांसारखे थेंब. बहुतेक केसाच्या पाव जाडीचे, काही त्याहून लहान, एखाददुसरा अर्ध्या केसाएवढा. केसाची जाडी साधारण ७० ते ८० मायक्रॉन, म्हणजे थेंबाचा व्यास २० मायक्रॉनच्या घरात आणि त्रिज्या १०. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाईलच्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. आयुष्यभर मान वर करून जे बघितलं, ते पहिल्यांदा खाली मान घालून बघत होते.

थेंबाचा आकार आणि दृश्यता, दोन्ही हाती आलं की पाणी काढता येतं. तेवढंच पाणी बारीक थेंबांत वाटलं तर नजर लवकर अडते, मोठ्या थेंबांत वाटलं तर लांबवर दिसतं. ८६ मीटर आणि १० मायक्रॉन यांचा मेळ घातला की एका घनमीटर ढगात ०.३ ग्रॅम पाणी निघतं. समुद्रावरच्या सपाट, पातळ ढगांत साधारण ०.१ ते ०.५ ग्रॅम असतं. उभ्या वाढणाऱ्या ढगात एक ग्रॅम किंवा त्याहून जास्त.

"म्हंजे किती?" आण्णा म्हणाले.

माझा वर्ग आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच. तो या ढगानं गच्च भरला, तर आतल्या सगळ्या थेंबांचं पाणी ४३ ग्रॅम. टपरीवरचा कटिंगचा ग्लासही भरणार नाही. आण्णांनी हातातल्या ग्लासाकडे बघितलं. त्यांना ते खरं वाटेना, आणि मलाही पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा वाटलं नव्हतं.

पुढचा हिशेब टँकरमध्ये मांडला, कारण उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी त्याच मापानं येतं. एक किलोमीटर लांब, तितकाच रुंद, तितकाच जाड ढग घ्या. घनमीटरला अर्धा ग्रॅम धरला तर त्यात पाच लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. आता त्याखालच्या एक चौरस किलोमीटरवर तासाला १० मिलिमीटरनं पाऊस पडायला लागला, तर तासाला एक कोटी लिटर लागतात, म्हणजे हजार टँकर. पन्नास टँकरचा साठा तीन मिनिटांत संपेल. पण गोव्यात पाऊस तासन्‌तास पडतो. कारण त्या घनमीटरात थेंबांचं पाणी ०.३ ग्रॅम असलं, तरी न दिसणारी वाफ १९ ग्रॅमच्या आसपास आहे. समुद्रावरून नवी ओली हवा सतत येते, डोंगर चढताना थंड होते, तिच्यातली वाफ थेंब होते, थेंब पडतात, मागून दुसरी हवा येते.

आण्णा म्हणाले, "मग ढग म्हंजे टाकी न्हवं. पाट हाय."

शेतकऱ्याला पाट कळतो. पाटात या क्षणी किती पाणी उभं आहे याला काही अर्थ नसतो, मागून किती येतंय आणि दारं कुठे मोडलंय याला असतो. आम्ही पुस्तकातून जे शिकवतो त्यात हे इतकं सरळ कुठे मी वाचलं नव्हतं. पुढे केरीपर्यंत घाट उतरताना दोघंही फारसं बोललो नाही. साखळीला जेवलो, संध्याकाळी पणजी.

दुसरा दिवस, चतुर्दशी: मिरामार, दोनापावला

सकाळी पोंऽ पों करत पोदेर आला. आक्कानं टोपलीतून गरम पोळ्या घेतल्या. गोव्यातली पोळी म्हणजे कोंड्याचा फुगीर पाव. आण्णांना आधी नावाचा घोळ झाला, मग चव आवडली. आक्काच्या शेजारच्या मावशी गच्चीतून आभाळ बघून म्हणाल्या, "कुपां आयल्यांत, छत्री व्हरात." कुपां म्हणजे ढग. आण्णांनी तो शब्द लगेच उचलला आणि परत जाईपर्यंत सोडला नाही.

मिरामारला समुद्र मातकट आणि खवळलेला. मासेमारीबंदी ३१ जुलैपर्यंत असते, त्यामुळे होड्या झावळ्यांखाली झाकून ठेवलेल्या. किनाऱ्यावर पंधरा मिनिटं उभं राहून चष्मा काढला, काचेवर पांढुरकं पटल धरलं होतं. आण्णांनी बोट फिरवून जिभेला लावलं. खारट.

ढगाची पेरणी इथून होते. लाट फुटते तेव्हा पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे कोंडतात. ते वर येऊन फुटले की त्यांच्या पापुद्र्याचे तुकडे उडतात आणि मधून पाण्याची इवलीशी कारंजी उसळते. ते थेंब हवेत सुकतात आणि मागे मिठाचा कण उरतो. याशिवाय समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू बाहेर पडतो. किनाऱ्यावरचा जो ओळखीचा वास, त्यात त्याचा वाटा असतो. हवेत त्याचं सल्फेट होतं आणि त्याचेही कण बनतात. थेंबाला धरायला असं काहीतरी लागतंच. निव्वळ शुद्ध हवेत वाफेचा थेंब व्हायचा तर आर्द्रता शंभर टक्क्यांच्या चौपट-पाचपट लागेल, आणि निसर्गात ती तशी होत नाही. कण असला की शंभराच्या वर एखादा टक्काही पुरतो. स्वीडनचे हिल्डिंग क्योलर यांनी १९२० च्या दशकात नॉर्वेच्या डोंगरावर ढगांतून जमलेलं हिम वितळवून त्यातलं क्लोराइड मोजलं आणि मिठाच्या कणावर थेंब कसा वाढतो याचं गणित मांडलं. आजही ढगांचा अभ्यास त्यांच्या नावाच्या आलेखापासून सुरू होतो.

दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या फाटकावरून पुढे गेलो. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था बघून आण्णा म्हणाले, "हितली माणसं रोज समुद्राकडं तोंड करून बसत्यात, भाग्याची." जेटीजवळ पोचेपर्यंत एक सर आली. ढग फार उंच नव्हता. विजेचा आवाज नाही, गडगडाट नाही, नुसता पाऊस. दहा मिनिटांत सर खाडी ओलांडून गेली आणि मागे ऊन. मला हेच आण्णांना दाखवायचं होतं. एवढा बुटका ढग इथे पाऊस देतो. आमच्याकडे याच्या दुप्पट उंच ढग कोरडा निघून जातो.

एका आडोशाला बसून कागदावर मांडलं. एक घनमीटर ढग, त्यात अर्धा ग्रॅम पाणी. स्वच्छ समुद्रावर दर घन सेंटिमीटरला थेंब पन्नास ते शंभर. शंभर धरले तर प्रत्येकाची त्रिज्या साडेदहा मायक्रॉन येते. जमिनीवर धूळ, चुलीचा आणि गाड्यांचा धूर, कारखान्यांचे कण, असं पेरायला कितीतरी जास्त असतं. तिथे थेंब कित्येक शेकडा, कधी हजार. आठशे धरले तर तेवढंच अर्धा ग्रॅम पाणी आठपट वाटेकऱ्यांत जातं आणि त्रिज्या निम्मी होते, सव्वापाच मायक्रॉन. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या पॅट्रिक स्क्वायर्स यांनी १९५८ मध्ये समुद्रावरच्या आणि जमिनीवरच्या ढगांमधला हाच फरक विमानातल्या मोजमापांवरून दाखवला.

निम्मी त्रिज्या हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण इतक्या बारीक थेंबाचा पडण्याचा वेग त्रिज्येच्या वर्गानं बदलतो. दहा मायक्रॉनचा थेंब सेकंदाला एक-सव्वा सेंटिमीटर खाली सरकतो, पाचचा त्याच्या पाव. दोन्ही इतके हळू की वर चढणारी हवा त्यांना सहज तोलून धरते. खाली यायचं तर त्यांनी एकमेकांवर आदळून एक झालं पाहिजे. एक मिलिमीटर त्रिज्येच्या पावसाच्या थेंबाला दहा मायक्रॉनचे दहा लाख थेंब लागतात. आणि सगळे सारखेच बारीक असले तर सगळे सारख्याच वेगानं तरंगतात, कोणी कोणाला गाठत नाही. त्यात बारीक थेंब मोठ्याच्या समोरून हवेबरोबर वळून निसटतात, काचपट्टीच्या कडेनं निसटत होते तसेच. ढगाच्या माथ्याजवळच्या थेंबांची त्रिज्या साधारण १४ मायक्रॉनच्या पुढे गेली की ही टक्कर जोर धरते आणि पाऊस सुरू होतो, असा उपग्रहांवरून बांधलेला ढोबळ अंदाज आहे. समुद्री ढगात थेंब मुळातच थोडे आणि मोठे, शिवाय अधूनमधून मिठाचा एखादा जाडा कण आधीच पुढे गेलेला असतो. म्हणून तो थोड्या उंचीतच पडतो.

आण्णांनी कागद हातात घेतला. "जोंधळा दाट पेरल्यावर काय हुतं? ताटं मायंदाळ, कणसं बारकी. विरळणी केल्याबिगर दाणा भरत न्हाई." थोडं थांबून, "आपल्याकडं ढगाची पेरणीच दाट हाय म्हण की."

मी त्यांना इतकंच सांगितलं की सगळा दोष दाट पेरणीला देता येणार नाही. सह्याद्री ओलांडताना ढगाचं पुष्कळ पाणी घाटावरच पडून जातं, पलीकडे हवा खाली उतरते, तापते, कोरडी होते. आपण मुळात पर्जन्यछायेत. पण जे काही पाणी तिथून सावरून येतं, ते पाडायला थेंब मोठा लागतो, आणि तिथे दाटी आड येते.

तिसरा दिवस, पौर्णिमा: मुरगाव, आणि रात्री आक्काची गच्ची

दाजींना सुट्टी होती. झुआरी ओलांडून वास्कोला गेलो, सड्यावर चढलो. तिथे हेडलँडला ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या मोहिमांचं काम इथून चालतं हे दाजींनी अभिमानानं सांगितलं. खाली बंदरात बोटी नांगरलेल्या होत्या, आणि मला जहाजांच्या रेघांची गोष्ट आठवली.

१९६० च्या दशकातल्या पहिल्या हवामान उपग्रहांच्या चित्रांत समुद्रावरच्या पातळ ढगांमध्ये लांबलचक पांढऱ्या रेघा दिसल्या. कॅलिफोर्नियासारख्या किनाऱ्यांलगतच्या ढगांत त्या आजही दिसतात. जहाजाच्या धुरातले कण ढगात जातात, तिथे थेंबांची संख्या वाढते, थेंब बारीक होतात आणि तेवढ्या पट्ट्यात ढग उजळतो. पाणी तितकंच राहिलं आणि थेंब आठपट झाले, तर त्यांचं एकूण पृष्ठ दुप्पट होतं आणि ऊन जास्त परतवलं जातं. शॉन ट्वोमी यांनी हा परिणाम १९७० च्या दशकात मांडला. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली आणि उपग्रहचित्रांतल्या रेघा लक्षणीय कमी झाल्या. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. माणसानं एक नियम बदलला आणि ढगांनी तो पाळल्याचं आकाशातून दिसलं.

आपला अरबी समुद्रही वर्षभर सारखा नसतो. पावसाळ्यात वारा खुल्या समुद्रावरून येतो, हिवाळ्यात तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि धूर घेऊन जातो. १९९९ च्या सुरुवातीला झालेल्या हिंद महासागर प्रयोगात त्या धुरकट पट्ट्याचा अभ्यास झाला, आणि तेव्हा भर समुद्रावरच्या ढगांतही जमिनीवरच्यासारखी थेंबांची दाटी आढळली.

रात्री जेवायला अळंब्यांची भाजी होती. आण्णांनी दोनदा मागून घेतली. मग पाऊस उघडला म्हणून सगळे गच्चीत गेलो. पातळ ढगाआडून पौर्णिमेचा चंद्र, आणि भोवती निळसर-पांढरं तेज, त्याच्या कडेला तांबूस वळं. मोठं, लांबचं खळं वेगळं. ते उंचावरच्या बर्फाच्या स्फटिकांमुळे पडतं. हे चंद्राला बिलगलेलं वळं पाण्याच्या थेंबांचं, आणि यावरून थेंबाचा आकार मोजता येतो. थेंब जितका बारीक, तितकं वळं मोठं.

मी आण्णांना हात लांब करायला सांगितला. ताठ धरलेल्या हाताचा अंगठा आकाशात साधारण दोन अंश झाकतो. चंद्रापासून तांबूस कडेपर्यंत किती अंगठे बसतात ते बघायचं. आण्णांनी एक डोळा मिटला. भाचाही शेजारी तसाच उभा राहिला. "एक," दोघंही म्हणाले. एक अंगठा म्हणजे थेंबाचा व्यास वीस मायक्रॉनच्या जवळपास. चोर्ल्याच्या काचपट्टीवर केसाच्या पाव जाडीचे जे थेंब दिसले होते, तेवढेच. एकदा हातात धरून मोजलं, एकदा दूर आभाळात मोजलं, आणि दोन्ही जुळलं. वीस वर्षं शिकवतोय, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

चौथा दिवस: परत

चोर्ल्यात ढग होताच, पण परवापेक्षा ओला. काचपट्टीवर या वेळी अर्ध्या केसाचे थेंब पुष्कळ, आणि दोन तर केसापेक्षा जाड, म्हणजे भुरभुर सुरू होण्याच्या बेतातले. छत्री मात्र सव्वाशे पावलांच्याही पुढे दिसत होती. पाणी जास्त आणि तरी दृश्यता जास्त, हे आण्णांनीच आधी ओळखलं. "विरळणी झालीय," म्हणाले.

वाटेत त्यांना मोजणीची यंत्रं कशी असतात ते सांगत होतो. विमानाला बाहेर तापलेली तार लावतात. थेंब तारेवर आपटून वाफ होतात, तार गार होते, आणि तिला गरम ठेवायला किती वीज लागली यावरून पाणी कळतं. थेंब मोजायला लेझरचा झोत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं २००९ पासून अशी विमानं आपल्या ढगांत पाठवली. महाबळेश्वरला तर ढग खाली उतरतो म्हणून तिथे डोंगरावरच तिची ढगांची प्रयोगशाळा आहे. आणि २०१८, २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरला प्रयोग झाले. ढगाच्या तळाशी विमानातून क्षाराच्या नळकांड्या जाळायच्या, म्हणजे समुद्रासारखे जाडे कण पेरायचे.

"सोलापूरला समुद्र न्यायचा म्हण की," आण्णा म्हणाले.

"मिठापुरता. पाट मागून येत असला तरच."

ते त्यांना पटलं. पाटाला पाणी नसेल तर दारं मोडून काय उपयोग, हे त्यांना मी सांगायला नको होतं.

बेळगावात भुरभुर, अथणीला कोरडं. दुपारनंतर आमच्या माळावर पोचलो तर आभाळात तेच नेहमीचे ढग, सपाट तळाचे, पांढरेशुभ्र, पूर्वेला निघालेले. रात्री साडेनऊला मी अंगणात बाज टाकत होतो. चंद्र वर आला होता, पुढून पातळ ढग सरकत होता. आण्णा गोठ्यातून येता येता मध्येच थांबले, हात लांब केला, एक डोळा मिटला. अंगठा एकदा लावला, सरकवून पुन्हा लावला.

"दोन," ते म्हणाले. "लई दाट पेरलंय."